परका माल, घरची कला : बेल्जियमची बिस्किटे आणि चॉकलेट

युरोपच्या वायव्य भागातील बेल्जियम हा देश आपल्या केरळ राज्याहूनही आकाराने लहान आहे. तेथील थंड, दमट हवेत कोकोचे झाड वाढत नाही. दालचिनी, लवंग, जायफळ, मिरी यांपैकी एकही मसाला तेथे पिकत नाही. उसाचीही तीच गत. असे असूनही ‘बेल्जियन चॉकलेट’ हे शब्द आज जगातील मोठमोठ्या शहरांत उत्तमपणाची खूण मानले जातात आणि दालचिनीच्या मंद वासाचे तेथील तपकिरी बिस्किट विमानातील कॉफीबरोबर असंख्य प्रवाशांच्या हाती पडते. ज्या देशात कच्चा माल मुळीच निघत नाही, त्याची ओळखच त्या मालापासून केलेल्या पदार्थांनी व्हावी, हे कसे घडले?

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक भाग कारागिरीचा आहे. साचा कोरणारे सुतार, भट्टीवरचे भटारी, औषधे विकता विकता चॉकलेटकडे वळलेले औषधविक्रेते आणि यंत्रांची जोड देणारे कारखानदार यांनी मिळून तो घडविला. दुसरा भाग व्यापाराचा आणि सत्तेचा आहे. मलबार, काँगो आणि पश्चिम आफ्रिका येथपर्यंत त्याचे धागे पोचतात. यांपैकी एकच भाग सांगितला तर या वारशाचे चित्र अपुरे राहते.

मसाल्यांचे बंदर

बेल्जियम हे राष्ट्र १८३० साली स्वतंत्र झाले. पण येथे ज्या परंपरेचा विचार करावयाचा आहे ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. या प्रदेशाच्या उत्तर भागात डच भाषा बोलली जाते, दक्षिण भागात फ्रेंच. उत्तरेकडील शेल्ड नदीच्या काठचे अँटवर्प हे शहर सोळाव्या शतकात युरोपातील सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला आणि पुढे तीनच वर्षांनी, १५०१ मध्ये, लिस्बनहून मिरी व दालचिनी घेऊन निघालेले पहिले पोर्तुगीज जहाज अँटवर्पच्या धक्क्याला लागले. तेथून हा माल जर्मनीकडे व उत्तर युरोपाकडे जाऊ लागला. याच बंदरात मदेरा व कॅनरी बेटांवरून कच्ची साखर उतरत असे आणि शहरातील कारखान्यांत ती शुद्ध केली जात असे.

मलबारच्या मिरीच्या आणि बेटांवरील साखरेच्या गोण्या एकाच धक्क्यावर उतरत होत्या, ही गोष्ट भटाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. आसपासच्या शेतांतून गहू, गोठ्यांतून लोणी आणि पोळ्यांतून मध मिळत होता. त्याला मसाला व साखर यांची जोड मिळताच नेहमीच्या पावाहून वेगळे, टिकाऊ आणि सुगंधी पदार्थ तयार होऊ लागले. १५८५ साली स्पेनच्या सैन्याने अँटवर्प जिंकले, शेल्ड नदीतून समुद्राकडे जाणारी वाट डचांनी अडविली आणि अनेक व्यापारी व कारागीर ॲमस्टरडॅमला निघून गेले. बंदराचे वैभव ओसरले, तरी जिभेला लागलेली चव मागे राहिली. सीमेच्या दोन्ही बाजूंना आजही मसाल्याचे बिस्किट होते, ते याच सामाईक इतिहासामुळे.

मसाले महाग असल्यामुळे अशी बिस्किटे रोजच्या खाण्याची नव्हती. त्यांचा मुख्य दिवस ६ डिसेंबर, म्हणजे संत निकोलस यांचा सण. त्या पहाटे मुलांना खाऊ मिळतो आणि त्या खाऊत उंच टोपी घातलेल्या, हाती दंड धरलेल्या संताच्या आकाराचे बिस्किट असते. त्याला ‘स्पेक्युलोस’ म्हणतात.

लाकडी साचे

स्पेक्युलोस या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. कोणी ते मसाला या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात, तर कोणी आरसा या अर्थाच्या शब्दाशी. दुसरी व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ती बिस्किट करण्याच्या रीतीला मात्र चांगलीच लागू पडते. कारण लाकडात कोरलेली आकृती उलटी असते आणि कणकेवर ती आरशातल्याप्रमाणे सुलटी उमटते.

ही रीत अशी : मैदा, तपकिरी साखर, लोणी आणि मसाल्याची पूड एकत्र मळून तो गोळा थंड जागी रात्रभर ठेवतात. तेवढ्या वेळात मसाल्याचा अर्क कणकेत मुरतो आणि लोणी घट्ट होते. सकाळी लाकडी साच्यावर पीठ भुरभुरून कणीक त्यात अंगठ्याने दाबून बसवितात, वर आलेला भाग सुरीने किंवा तारेने सपाट कापून काढतात आणि साचा उलटा करून फळीवर आपटतात. आकृती अखंड सुटून आली पाहिजे. संताचा दंड किंवा टोपी साच्यातच अडकली तर पुन्हा सुरुवात. बंगालमधील संदेशाचे किंवा महाराष्ट्रातील मोदकाचे साचे ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना या कामातील कसब सांगावयास नको. कणीक भट्टीत फार फुगता कामा नये, नाही तर नक्षी पुसट होते. म्हणून स्पेक्युलोस हे मुळातच घट्ट, कोरडे आणि कुरकुरीत बिस्किट आहे.

साच्यासाठी नासपतीसारखे दाट व बारीक पोताचे लाकूड पसंत केले जाई, कारण त्यावर केसाइतकी बारीक रेघही कोरता येते. साचे कोरणे हा भटारखान्याला जोडून असलेला एक वेगळाच व्यवसाय होता. संत, घोडेस्वार, जहाजे, प्राणी, प्रेमी युगुले असे नाना विषय त्यांवर दिसतात. तेथील संग्रहालयांत जपून ठेवलेले जुने साचे पाहिले म्हणजे सामान्य माणसांच्या सणावारांचा तो एक चित्रमय इतिहासच आहे, हे ध्यानात येते.

साच्याच्या कलेचे सर्वांत टोकाचे रूप दक्षिणेकडील दिनाँ या गावी पाहावयास मिळते. म्यूज नदीच्या काठी, उंच कड्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव मध्ययुगात तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी विख्यात होते. तेथील ‘कूक’ नावाच्या बिस्किटात दोनच वस्तू असतात : गव्हाचे पीठ आणि मध. पाणी नाही, लोणी नाही, खमीर नाही. हे घट्ट मिश्रण साच्यात दाबून सुमारे ३०० अंश सेल्सिअस इतक्या प्रखर आचेवर थोडाच वेळ भाजतात. मधातील साखर करपण्याच्या सीमेवर येते आणि थंड होताच बिस्किट लाकडासारखे कठीण बनते. ते दातांनी तोडण्याचा प्रयत्न करू नये. तुकडा करून तोंडात विरघळू द्यावा, असे तेथील लोक पाहुण्यांना सांगतात. काही जण ते खातही नाहीत, भिंतीवर शोभेसाठी टांगून ठेवतात. १४६६ साली बर्गंडीच्या सैन्याने दिनाँला वेढा घातला, तेव्हा गावात फक्त पीठ आणि मध उरला होता आणि तांबटांच्या नक्षीवर थापून लोकांनी हे बिस्किट भाजले, अशी कथा सांगितली जाते. कथेचा पुरावा नाही. पण वेढा आणि गावाचा विध्वंस हा इतिहास आहे. दिनाँवर असाच प्रसंग १९१४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आला. जर्मन सैन्याने तेथील ६७४ नागरिकांना ठार मारले आणि गाव जाळले. त्यानंतरही दिनाँमध्ये हे बिस्किट भाजले जात राहिले. कठीण काळात तयार झालेल्या कठीण बिस्किटाची कथा त्या गावाला जवळची का वाटते, हे यावरून समजते.

राजधानी ब्रुसेल्समधील ‘पँ आ ला ग्रेक’ या दालचिनी व साखर घातलेल्या पावाची कथा वेगळ्या प्रकारची आहे. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘ग्रीक पद्धतीचा पाव’ असा होतो. पण ग्रीसशी त्याचा संबंध नाही. शहरातील ‘लांडग्यांच्या खंदका’जवळील मठात साधू हा पाव वाटत असत, असे सांगतात. डच बोलीत खंदकाला ‘ग्राख्त’ म्हणतात आणि फ्रेंच कानांनी त्याचे ‘ग्रेक’ केले. दोन भाषा शेजारी नांदणाऱ्या देशात पदार्थांची नावेही अशी दुभाषी होतात.

भट्टीकडून कारखान्याकडे

एकोणिसाव्या शतकात या परंपरेला दोन गोष्टींनी नवे वळण दिले. पहिली गोष्ट साखर. नेपोलियनच्या काळात ब्रिटनशी व्यापार बंद झाल्यामुळे युरोपात उसाच्या साखरेची टंचाई झाली आणि बीटपासून साखर काढण्याच्या प्रयत्नांना जोर आला. बेल्जियमची सुपीक माती बीटला मानवली. बीटच्या साखरेचा पाक उकळून, त्याला तांबूस रंग व किंचित करपट गोडी आणून जी तपकिरी साखर तयार होते, ती तेथील बिस्किटांचा आत्मा ठरली. शेजारच्या हॉलंडमधील मसाल्याच्या बिस्किटात लवंग, जायफळ, वेलदोडा यांचा जोर असतो. बेल्जियमच्या स्पेक्युलोसमध्ये मसाला कमी आणि भाजलेल्या साखरेची चव अधिक. महाग मसाल्याची उणीव साखरेच्या पाकाने भरून निघाली आणि सणाचे बिस्किट रोजच्या आवाक्यात आले.

दुसरी गोष्ट म्हणजे रेल्वे आणि यंत्रे. यांमुळे गावच्या भट्टीचा माल देशभर जाऊ लागला. ब्रुसेल्समधील दांदुआ हे १८२९ साली सुरू झालेले घराणे हाताने केलेल्या बिस्किटांसाठी आजही ओळखले जाते. १८८६ साली पश्चिम फ्लँडर्समधील लो या गावी झूल देस्ट्रोपर याने बदामाचे पातळ, कुरकुरीत बिस्किट विकावयास आरंभ केला. शार्ल देलाक्र हा मूळचा औषधविक्रेता. शक्तिवर्धक म्हणून चॉकलेट विकता विकता तो १८९१ मध्ये बिस्किटांकडे वळला. लीज शहराच्या नावाने ओळखले जाणारे, साखरेच्या खड्यांचे ‘वॉफल’ तर रस्त्यावरचा लोकप्रिय खाऊच होऊन बसले.

या वाटचालीतील सर्वांत दूरवर गेलेले पाऊल १९३२ साली लेम्बेके या खेड्यात पडले. यान बोने आणि त्याचे बंधू यांनी तेथे लोटस या नावाने स्पेक्युलोसचा कारखाना काढला. १९५६ मध्ये त्यांनी एकेक बिस्किट स्वतंत्र वेष्टनात घालून उपाहारगृहांना पुरविण्यास सुरुवात केली. कॉफीच्या बशीत एक बिस्किट ठेवण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली. युक्ती लहान होती. पण तिच्यामुळे गिऱ्हाइकाला विकत घेण्यापूर्वीच चव कळू लागली आणि बिस्किट सणाच्या दिवसातून बाहेर पडले. कारखान्यात लाकडी साच्याची जागा धातूच्या फिरत्या रुळाने घेतली. रुळावर त्याच पद्धतीने उलटी नक्षी कोरलेली असते. कणीक तिच्यात दाबली जाते, सरकत्या पट्ट्यावर सुटते आणि लांब बोगद्यासारख्या भट्टीतून भाजून बाहेर येते. भटाऱ्याच्या अंगठ्याचे काम यंत्राकडे गेले, तरी कृतीचे तत्त्व बदलले नाही.

औषधाच्या दुकानातून आलेला चॉकलेटचा तुकडा

चॉकलेटची परंपरा बिस्किटाहून नवी आहे. मेक्सिकोतून स्पेनमध्ये गेलेले हे पेय स्पेनच्या ताब्यातील या प्रदेशात सतराव्या शतकात पोचले. गेंट येथील एका मठाच्या १६३५ सालच्या खरेदीत त्याचा उल्लेख मिळतो. पुढील दोनशे वर्षे ते श्रीमंतांचे पेय व औषध म्हणूनच राहिले. ज्या शोधांमुळे आजचे खाण्याचे चॉकलेट शक्य झाले, त्यांपैकी एकही शोध बेल्जियममधील नाही. कोकोतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याची रीत हॉलंडमधील व्हान हाउटेन याच्या नावावर १८२८ मध्ये नोंदली गेली. दुधाचे चॉकलेट डानिएल पेटर याने १८७५ च्या सुमारास आणि तासन्‌तास घोटून चॉकलेट मुलायम करण्याचे यंत्र रोडोल्फ लिंट याने १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सिद्ध केले. बेल्जियमने या साऱ्यांचा उपयोग करून चॉकलेटला एक नवा आकार दिला.

स्वित्झर्लंडहून आलेल्या ज्यां नॉयहाउस याने १८५७ साली ब्रुसेल्समधील काचेच्या छताच्या प्रसिद्ध बाजारगल्लीत औषधाचे दुकान थाटले. कडू औषधे घशाखाली उतरावीत म्हणून तो त्यांवर चॉकलेटचा लेप देई, असे सांगितले जाते. हळूहळू औषध मागे पडले आणि लेप पुढे आला. त्याचा त्याच नावाचा नातू याने १९१२ मध्ये चॉकलेटची पोकळ वाटी करून तिच्यात मऊ सारण भरले आणि वरून ती बंद केली. त्याला त्याने ‘प्रालीन’ हे नाव दिले. फ्रान्समध्ये या शब्दाचा अर्थ साखरेत परतलेला बदाम असा होता. बेल्जियममध्ये मात्र तो सारणभरल्या चॉकलेटसाठी रूढ झाला. हे नाजूक तुकडे कागदाच्या पुडीत चेंगरत. म्हणून नातवाची पत्नी लुईज अगोस्तिनी हिने १९१५ मध्ये एक लहानशी पुठ्ठ्याची पेटी तयार केली. ‘बालोतँ’ या नावाची ती पेटी आज सर्वत्र दिसते. त्या वेळी ब्रुसेल्स जर्मन सैन्याच्या ताब्यात होते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पेटीमुळे चॉकलेट ही भेट देण्याची वस्तू झाली. परंतु ती महाग भेट होती. लेओनिदास केस्तेकिदेस हा अमेरिकेतून आलेला ग्रीक मिठाईवाला १९१३ च्या गेंट प्रदर्शनानंतर बेल्जियममध्येच स्थायिक झाला. त्याने व पुढे त्याच्या पुतण्याने रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडकीतून, स्वस्त दराने, वजनावर प्रालीन विकले. काचेच्या गल्लीतील ऐपतदार गिऱ्हाईक आणि पदपथावरून जाणारा कामगार या दोघांच्याही घरी रविवारी एकाच प्रकारचा खाऊ जाऊ लागला. कोणताही पदार्थ राष्ट्राचा वारसा व्हावयाचा, तर असे व्हावेच लागते.

चकाकी आणि ‘टक्’ आवाज

प्रालीनच्या वाटीला चकाकी हवी, मोडताना ‘टक्’ असा आवाज यावयास हवा आणि जिभेवर ठेवताच ती विरघळली पाहिजे. हे तिन्ही गुण एकत्र कसे येतात, हे समजून घेण्यासाठी कोकोच्या बीपासून सुरुवात केली पाहिजे. पिकलेल्या फळातील बिया काढून शेतकरी त्या केळीच्या पानांखाली किंवा पेट्यांत काही दिवस आंबवितो आणि मग उन्हात वाळवितो. चॉकलेटच्या सुगंधाचा पाया येथे, शेतातच घातला जातो. ही पायरी चुकली तर पुढचा कोणताही कारागीर ती सुधारू शकत नाही.

कारखान्यात बिया भाजून, टरफले काढून दळल्या की त्यांतील स्निग्धांशामुळे त्यांची पातळ लापशी होते. तिच्यात साखर, हवी असल्यास दुधाची भुकटी मिसळून ते मिश्रण पोलादी रुळांमधून काढतात. माणसाच्या जिभेला सुमारे ३० मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या तीनशतांशाहून मोठे कण रवाळ लागतात. म्हणून चांगले चॉकलेट त्याहून बारीक दळले जाते. पुढे ते ऊब देऊन तासन्‌तास घोटले जाते. त्यामुळे आंबट वास उडून जातो आणि प्रत्येक कणावर स्निग्धांशाचा पातळ थर बसतो.

शेवटची पायरी सर्वांत नाजूक. कोकोचा स्निग्धांश थिजताना सहा प्रकारचे स्फटिक बनू शकतात. त्यांपैकी पाचवा प्रकारच उपयोगाचा. तो सुमारे ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या उष्णतेहून किंचित कमी तापमानाला वितळतो. तो मिळविण्यासाठी काळे चॉकलेट प्रथम ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवितात, मग २७-२८ अंशांपर्यंत निववितात आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत आणतात. हे साधले नाही तर चॉकलेट मऊ राहते आणि त्यावर काही दिवसांत पांढुरकी बुरशीसारखी छटा येते.

असे सिद्ध केलेले चॉकलेट साच्यात ओतून लगेच साचा उलटा करतात. बहुतेक चॉकलेट निथळून जाते, भिंतींना पातळ कवच तेवढे उरते. त्यात हेझलनटचे वाटण, ताजी साय किंवा इतर सारण भरून वरून झाकण ओततात. फ्रान्समध्ये सामान्यतः आधी सारणाचे तुकडे पाडून ते चॉकलेटमध्ये बुडवितात. बेल्जियममध्ये आधी कवच, मग सारण. त्यामुळे अतिशय मऊ, जवळजवळ वाहते सारणही आत राहू शकते. बिस्किटाच्या लाकडी साच्याशी या रीतीचे नाते उघड आहे. दोन्हीकडे नक्षी उलटी कोरावी लागते आणि ती अखंड सुटून यावी लागते.

या कामात अनेक लहान दुकानांना मोठ्या कारखान्यांचा हातभार लागतो. वीझ या गावातील कालबाउट कुटुंबाचा व्यवसाय मद्याचा होता. १९११ पासून ते चॉकलेटकडे वळले आणि पुढे इतर कारागिरांसाठी द्रवरूप चॉकलेट तयार करू लागले. ऊब राखणाऱ्या टाक्यांतून हे पातळ चॉकलेट दुकानदारांना पोचविले जाऊ लागल्यावर प्रत्येकाने बिया भाजण्याची व दळण्याची गरज उरली नाही. कवच, सारण आणि रूप यांवर लक्ष देण्यास कारागीर मोकळा झाला. बेल्जियममधील लहान चॉकलेट-दुकानांची विपुलता पुष्कळ अंशी या श्रमविभागणीवर उभी आहे.

कोको कोठून आला

आता या वारशाच्या दुसऱ्या भागाकडे वळले पाहिजे. १८८५ ते १९०८ या काळात मध्य आफ्रिकेतील काँगोचा विशाल प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी ताब्यात होता. रबर गोळा करण्यासाठी तेथील लोकांवर अनन्वित अत्याचार झाले. प्रत्येक गोळीचा हिशेब देण्यासाठी सैनिकांनी मारलेल्या, आणि कधी कधी जिवंत, माणसांचे हात तोडून आणावेत, असा भयंकर प्रघात पडला होता. १८९७ साली ब्रुसेल्सजवळ तेरव्ह्यूरेन येथे भरलेल्या प्रदर्शनात काँगोतील कॉफी, कोको व तंबाखू भावी संपत्ती म्हणून मांडण्यात आली. त्याच प्रदर्शनात काँगोतून आणलेली २६७ माणसेही लोकांना पाहण्यासाठी ठेवली होती. त्यांपैकी सात जणांचा तेथेच मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय निषेधानंतर १९०८ मध्ये हा प्रदेश बेल्जियम सरकारकडे आला आणि १९६० मध्ये तो स्वतंत्र झाला.

काँगोच्या मायोम्बे भागात कोकोचे मळे होते. पण बेल्जियमच्या कारखान्यांची मुख्य भिस्त काँगोवर कधीच नव्हती. त्यांचा बहुतेक कोको पुढे पश्चिम आफ्रिकेतून येऊ लागला. याची साक्ष एका प्रसिद्ध नावातच आहे. १८८३ साली शार्ल नॉयहाउस याने ‘कोत दोर’, म्हणजे ‘सुवर्णकिनारा’, हे नाव नोंदविले. आजच्या घानाचे ते तत्कालीन नाव. मौज अशी की, त्या वेळी सुवर्णकिनाऱ्याचा कोको-व्यापार जवळजवळ सुरूच झाला नव्हता. १८९१ मध्ये तेथून ८० पौंड कोकोची पहिली नोंदलेली निर्यात झाली. परंतु १९११ मध्ये ती सुमारे ४०,००० टनांवर गेली आणि तो प्रदेश जगात पहिला ठरला. हे यश वसाहतीच्या अधिकाऱ्यांचे नव्हते. ते लहान आफ्रिकी शेतकऱ्यांनी मिळविले होते आणि तेत्ते क्वार्शी या लोहाराने १८७९ च्या सुमारास परदेशातून आणून लावलेल्या बियांची आठवण घाना आजही कृतज्ञतेने करतो.

अँटवर्पमध्ये हाताच्या पंजाच्या आकाराचे बिस्किट मिळते. शेल्ड नदीवर जकात उकळणाऱ्या राक्षसाचा हात ब्राबो नावाच्या वीराने तोडून नदीत फेकला, या शहराच्या जुन्या दंतकथेवरून तो आकार आला. १९३४ साली योस हाकर या ज्यू भटाऱ्याने तो सिद्ध केला. नाझी अंमलात त्यालाच हद्दपारीच्या गाडीत कोंबण्यात आले आणि गाडीतून उडी टाकून तो वाचला. या बिस्किटाचा उगम काँगोत शोधणे चुकीचे ठरेल. तरीही तोच पंजा चॉकलेटमध्ये ओतून विकला जातो, तेव्हा काँगोचा इतिहास जाणणाऱ्याच्या मनात दुसरे चित्र उभे राहिल्याशिवाय राहत नाही. हे दोन्ही अर्थ ठाऊक असणे, हाच वारशाकडे पाहण्याचा प्रौढ मार्ग होय.

वारसा म्हणजे नेमके काय

१९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनाला चार कोटींहून अधिक लोकांनी भेट दिली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ‘बेल्जियन चॉकलेट’ ही जगाच्या बाजारातील एक मुद्रा बनली. कीर्तीबरोबर मालकीही हलली. १९२६ साली ब्रुसेल्समध्ये सुरू झालेली गोदिवा संस्था १९६० च्या दशकात अमेरिकन आणि २००७ मध्ये तुर्की कंपनीकडे गेली. कोत दोर १९८७ मध्ये परदेशी मालकीचे झाले. कालबाउटचा कारखाना १९९६ पासून एका बहुराष्ट्रीय समूहाचा भाग आहे. २००७ साली उत्पादकांच्या संघटनेने आपला दंडक घातला : मिश्रण, दळणे आणि घोटणे ही कामे बेल्जियममध्ये झाली असतील, तरच ‘बेल्जियन चॉकलेट’ म्हणावे. हा दंडक कामाची जागा पाहतो. माल कोठून आला आणि मालक कोण, याविषयी तो काही बोलत नाही.

शुद्धतेचा वादही असाच बोधप्रद आहे. २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोकोखेरीज इतर वनस्पतींचा स्निग्धांश ५ टक्क्यांपर्यंत घालण्यास सर्व देशांत मुभा दिली. बेल्जियमच्या चॉकलेटवाल्यांचा त्याला तीव्र विरोध होता. ज्या सहा स्निग्धांशांना ही परवानगी मिळाली, त्यांत तीन आपल्या ओळखीचे आहेत : मध्य भारतातील अरण्यांत आदिवासी गोळा करतात त्या सालबियांचे तेल, आंब्याच्या कोयीतील तेल आणि कोकमाच्या बियांचे तेल. कोकमाचे हे घट्ट तेल कोकणात भिरंडेल म्हणून पायांच्या भेगांना लावतात. ब्रुसेल्समधील कारागिराला जी भेसळ वाटते, ती दुसऱ्या खंडातील गरिबाची मिळकत असू शकते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

हा व्यापार आता उलट दिशेनेही वाहू लागला आहे. वीझचा कारखाना ज्या समूहाचा भाग आहे, त्याने २०२० मध्ये महाराष्ट्रात बारामती येथे चॉकलेटचा कारखाना सुरू केला. लेम्बेकेचे बिस्किट भारतात तयार करून विकण्याचा करार २०२४ मध्ये जाहीर झाला. मलबारचा मसाला घेऊन गेलेल्या चवीला मसाल्याच्या देशात परत यावयास पाच शतके लागली.

या साऱ्या देवघेवीत सर्वांत दुबळा दुवा कोको पिकविणाऱ्याचा आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको कोत दिव्वार आणि घाना या दोन देशांतून येतो. तेथील असंख्य कुटुंबांची मिळकत सुखवस्तू जीवनास पुरत नाही आणि मळ्यांवर मुलांनाही राबावे लागते. २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरांपलीकडे गेला, तरी शेतकऱ्याला द्यावयाचा दर सरकारने हंगामापूर्वीच ठरविलेला असल्यामुळे त्या तेजीचा लाभ त्याला तत्काळ मिळाला नाही. बेल्जियममधील उत्पादक, विक्रेते, शासन व स्वयंसेवी संस्था यांनी २०१८ च्या डिसेंबरात एक संयुक्त कार्यक्रम हाती घेतला; आपल्याला कोको पुरविणाऱ्या शेतकऱ्याला २०३० पर्यंत निर्वाहापुरते उत्पन्न मिळावे, हे त्याचे एक उद्दिष्ट आहे.

साचा कोरणाऱ्याचे कसब, मध आणि पिठाच्या घट्ट गोळ्याला दिलेला आकार, चॉकलेटच्या कवचातील ताजी साय, यांमध्ये बेल्जियमचे योगदान निर्विवाद आहे आणि ते जपले जावे यात शंका नाही. परंतु बी आंबविणारा शेतकरी हा या कलेचा पहिला कारागीर आहे, हे आपण वर पाहिले. त्याचे नाव पेटीवर छापलेले नसते. ते नाव त्या वारशाच्या हिशेबात धरले गेले, तर त्या लहान पेटीतील गोडी अधिक खरी होईल.